अरुणच्या चाकाखालचं लिंबू

माधव नगर, उज्जैन
मंगळवार संध्याकाळ, १९९५

अरुणचा बँकॉकहून फोन आला. दौऱ्यावर गेलाय, तिथे भाड्याची मोटरसायकल चालवायला शिकतोय म्हणे!

"चाकाखाली लिंबू ठेवलंस का रे?"

हसला. "आई, इथे कोण ठेवतं?" आणि लाइन कटली.

जिवाला चैन पडेना. त्याची जुनी सायकल अंगणात काढली, मागच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि ढकलली. टायरमध्ये हवाच नाही, लिंबू फुटेना. शेजारीण भिंतीवरून विचारते, "क्या कर रहे हो, काकीजी?" काय सांगू तिला? वेडेपणाच, कळतं मला. पण लिंबू तसंच राहिलं तर?

शेवटी लुगडं सावरून सीटवर बसले, सगळा भार टाकला. फुटलं एकदाचं.

मग उतरावंसंच वाटेना.