बुंध्याशी उभे राहा

नागाव,
रविवार, १९ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबा,

साष्टांग नमस्कार. मी इथे धडधाकट आहे. जेवण बरं असतं, भात मात्र चिकट शिजवतात. तुमची कंबर कशी आहे ते विचारत नाही. ते आई रोज फोनवर सांगते, आणि ती बोलत असताना तुम्ही उठून पडवीत निघून जाता, हेही मला काठीच्या आवाजावरून कळतं. म्हणून पत्र लिहितेय. पत्राकडे पाठ फिरवलीत तरी ते घरातच पडून राहील, आणि छापलेलं-लिहिलेलं काही दिसलं की तुम्हाला वाचल्याशिवाय राहवत नाही. भज्यांचा कागदसुद्धा तुम्ही तेल पुसून वाचता.

म्हसळ्याच्या बाजारात तुम्ही सांगता म्हणे, की कल्पिता अलिबागकडे कॉम्प्युटर शिकतेय. नाही शिकत. मी पवनचक्कीच्या खांबावर चढायला शिकतेय. आपलं सरकार आणि जर्मनीची एक संस्था मिळून हे केंद्र चालवतात. जागा आपली, पोरं आपली, शिकवण्याची पद्धत आणि परीक्षा त्यांची. पास झालेल्याला तिकडच्या पवनचक्क्यांवर एक वर्ष पगारी काम मिळतं. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर हे असं सांगा. कॉम्प्युटरवर चढता येत नाही.

पहिल्याच दिवशी इथले सर म्हणाले, "मुलींनी वृद्धसेवेचा कोर्स घ्या, त्यालाही जर्मनीत मागणी आहे. उंचीचं काम मुलांचं." मी म्हटलं, "सर, म्हाताऱ्यांची सेवा मी घरी फुकट करते. इथे चढायला आलेय." पोरं हसली. सरांनी नाक मुरडलं, पण नाव घातलं. (म्हातारे तुम्ही नाही. राग मानू नका.)

आता परीक्षेचं. आईला मी सांगितलं की परीक्षा पुढे ढकलली. ती झाली होती, आणि मी नापास झाले होते.

पट्टा बांधला, हेल्मेट घातलं, दोन्ही हुक तपासले. खांबाखाली आले आणि काय केलं असेन? बूट काढले. बाजूला जोडीने ठेवले, खांबाला हात लावून कपाळाला लावला आणि अनवाणी चढायला लागले. सुपारीवर चढताना करतो तसंच. मला कळलंसुद्धा नाही. वर पोचले, खाली बघते तर सगळी पोरं पोट धरून हसतायत आणि सर हात वर करून परीक्षा घेणाऱ्या जर्मन बाईंना सांगतायत, मी म्हटलं नव्हतं?

त्या बाईंचं नाव हाइके. आवाज मोठा, वागणं सरळ. त्यांनी विचारलं, बूट का काढलेस? मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, आमच्याकडे फळत्या झाडावर चप्पल घालून पाय देत नाहीत. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि तरी नापास केलं. म्हणाल्या, लोखंडी कडा पाय कापते, आणि वर जखमी झालेल्या माणसाला खाली आणायला दुसऱ्याला जीव धोक्यात घालावा लागतो. बरोबरच आहे. मला राग आला नाही. मग त्यांनी विचारलं, "चढायला कुणी शिकवलं?"

"वडिलांनी," मी म्हटलं.

हे बोलले आणि तिथून निघाले. खोलीवर येऊन खूप रडले. नापास झाल्याचं ते रडणं नव्हतं, बाबा.

पुढचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण मग पत्र कशाला लिहायचं?

श्रीवर्धनच्या वाडीत तुम्हीच मला चढवलंत. मी वर असले की तुम्ही खाली बुंध्याला तळहात टेकून उभे राहायचात. झाड एवढंसं हललं तरी तुम्हाला कळायचं, आणि तुम्ही आहात हे मला वर कळायचं. मग मी मोठी झाले आणि मनुआत्या म्हणाली, "आता पोरीनं झाडाला हात लावायचा न्हाय. झाड वांझ व्हतं." तुम्ही मान हलवलीत. मीही चढणं सोडलं.

गेल्या हंगामात दादाला ताप होता आणि वाडी उरकायची होती. तेव्हा तुम्हीच म्हणालात, "चढ कल्पे, कोण बगतंय?" मी चढले. या झाडावरून त्या झाडावर झोका घेऊन सगळ्या ओळीची सुपारी काढली. तुम्ही खाली उभे होतात आणि हसत होतात.

त्यानंतर काही दिवसांनी तुम्ही झाडावरून पडलात. मनुआत्या अंगणात येऊन सगळ्यांसमोर बोलली, "पोरगी हट्टानं चढली, झाड बाटलं, म्हणून बाप पडला." तुम्ही खाटेवर होतात, शुद्धीत होतात. माझ्याकडे बघितलंत आणि भिंतीकडे तोंड केलंत.

तुम्ही पडलात ते चढताना पायात अडकवायचा काथ्याचा फास कुजला होता म्हणून. तो तुटलेला फास मी स्वतः उचलला होता, तुम्हीही पाहिला होता. माझ्या हाताने कुठलंही झाड बाटलेलं नाही. त्या ओळीला यंदा घड लागलेत, दादाने फोटो पाठवलाय. आता ते झाड वांझ आहे की मनुआत्याची नजर, हे तुम्हीच ठरवा.

मी माफी मागणार नाही. लोकांचीही नाही आणि तुमचीही नाही. घरी बसा, लग्न करा, हे निरोप आईजवळ देऊ नका. ती बिचारी ते सांगताना अडखळते.

परवा फेरपरीक्षा झाली. बूट काढले नाहीत. खांबाला मात्र कपाळ टेकवलं, तर हेल्मेट खणकन आपटलं. हाइके बाई मोठ्याने हसल्या. मी पास झाले. एप्रिलमध्ये जाणार आहे.

त्याआधी, येत्या रविवारी, मी येतेय. माझ्या पगाराची वाट न बघता, चढायलाच शिकणाऱ्या इथल्या एका मुलीकडून मागून घेतलेला पट्टा आणि हुक बरोबर आणतेय. दादालाही ते कसे बांधायचे ते शिकवणार आहे. तुमच्या जुन्या फासात तो पाय घालतो हे ऐकून माझा जीव खालीवर होतो.

तोवर वाडीत सुपारी काढायची उरली असेल. रविवारी सकाळी मी त्याच झाडावर चढणार, ज्यावरून तुम्ही पडलात. चोरून नाही. मनुआत्याला बोलवा, ज्याला यायचं त्याला येऊ द्या. तिथे बूट काढेन, तिथला नियम तुमचा आहे.

तुम्ही यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. तुम्ही नाही आलात तरी मी चढेनच. पण आलात तर काठी टेकत माणसांत उभे राहू नका. पुढे या, बुंध्याला हात लावा, आणि एकदाच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा, "चढ कल्पे."

तुम्हीच चढवलेली,
कल्पिता