निनावी चिठ्ठ्यांचा डबा

सोमवार, ३. सकाळी ८.१०
आजपासून कंपनीत डायव्हर्सिटी प्रोग्राम. हेड मी! गोडाऊनमध्ये सगळे पुरुष, तिथे पहिल्यांदा एक बाई फोर्कलिफ्ट चालवणार. मॅनेजर म्हणाले, एक जरी राडा झाला तरी ती परत पॅकिंगला. नो टेन्शन. माझ्याकडे पन्नास स्लाइड्स आहेत.

बुधवार, ५
चौथ्या स्लाइडला लोडरने पॅकरच्या कानाखाली वाजवली. म्हणे, घोरत होता. पॅकरने त्याचा अंगठा चावला. फोर्कलिफ्टवाल्या ताईंनी दोघांना कॉलर धरून सोडवलं. मॅनेजरना सांगितलं नाही. उगाच कशाला?

शुक्रवार, ७
ताईंच्या सीटला कुणीतरी ग्रीस फासलं. मी लगेच पोस्टर लावलं: 'आपण सारे एक'. ताई म्हणाल्या, काढ रे बाळा ते, त्यानेच सीट पुसते. सेन्स ऑफ ह्यूमर मस्त आहे त्यांचा.

सोमवार, १०
मास्टरप्लॅन! एकमेकांबद्दल मनात काय खदखदतंय ते चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं. नाव नाही. उद्या मी सगळ्या चिठ्ठ्या भिंतीवर लावणार. सुपरवायझरकाका म्हणाले, साहेब, पाया पडतो, हे नका करू. जुनी माणसं. चेंजला घाबरतात.

मंगळवार, ११. दुपारी २.०५
चिठ्ठ्या लावल्या. सगळे अगदी मन लावून वाचतायत.

२.१५
टेबलाखालून लिहितोय. वीस वर्षं रोज एकाच शिफ्ट रजिस्टरमध्ये हाताने लिहितात, एकमेकांचं अक्षर पाठ आहे. हे मला आधी कुणी सांगायला नको? लोडरचे दोन दात पडले. पॅकरच्या डोक्यात स्टूल. सोडवायला आलेल्या वॉचमनने स्वतःबद्दलची चिठ्ठी वाचली, आता तोही दांडका फिरवतोय. एरवी गुडघे धरून बसणारे सुपरवायझरकाका कुणाची तरी मान आवळतायत. बाहेर जाऊन सिच्युएशन हँडल करतो.

बुधवार, १२. हॉस्पिटल
सात टाके, डाव्या हाताला प्लास्टर. मी ओरडलो, ही सेफ स्पेस आहे! सगळे थांबले. वळले. जन्मात एका टेबलावर जेवले नव्हते, ते मला एकजुटीने तुडवत होते. ताईंनी फोर्कलिफ्ट घुसवली, मला उचलून दहा फूट वर नेलं. तासभर वरच होतो.

गुरुवार, १३
मॅनेजर भेटायला आले. ताईंचं काय, विचारलं. म्हणाले, राहतेय. तिला काढलं तर काम बंद, असा अर्ज आलाय, चाळीसच्या चाळीस पुरुषांच्या सह्या. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, सर, प्रोग्राम सक्सेसफुल!
मग त्यांनी दुसरा अर्ज काढला. मला काढा म्हणून.
त्यावर एक्केचाळीस सह्या आहेत.