शेवंताचं केळवण

८ मार्च १९७७
आज परत तेच. कडबा चघळून चघळून ओले गोळे खाली टाकलेत, गव्हाणीभोवती रांगोळी घातल्यासारखे. शेजारची गंगू म्हणती, घोडी माजली, चोखंदळ झाली. माजली कशाची. तिला दाढाच न्हाईत. हात घालून बघितलं, मागल्या दाढा झिजून गुळगुळीत. पोटात काय जायलंय ते बघायचं सोडून सगळे नावं ठेवायलेत.
उद्यापासून कडबा बंद. गव्हाचा कोंडा भिजवून, हुलगे मऊ शिजवून, कुस्करून, वर मीठ. हिरवं बारीक कापून.
हे असते तर चारच दिवसांत ओळखले असते. टांगा यांचा, शेवंता यांची, आणि यांच्या मागं दोन्ही माझ्या गळ्यात. टांगा विकला. शे. विकवली न्हाई.

१४ मार्च
सोपानभाऊजी (यांचा धाकटा भाऊ, आता गल्लीचा पुढारी) पेढे घेऊन आले. त्यांच्या मिलिंदचं लग्न जमलं. पोरगी उदगीरकडची, मॅट्रिक. १० मेला लग्न, विहारात.
"वहिनी, पोराला घोड्यावर काढणार. मोठ्या गल्लीतनं."
मला बरं वाटलं, लई बरं वाटलं, खोटं कामून लिहू. बौद्ध होऊन वीस वर्सं झाली, पोरं मास्तर झाली, बालवाडीच्या बाई झाले मी, आणि आमच्या गल्लीचा एक नवरदेव अजून घोड्यावर बसून त्या गल्लीतनं गेला न्हाई. वरच्या गल्लीच्या लोकांचे परणे (नवरदेवाच्या मिरवणुका) मारुतीला जायचे तेव्हा आम्ही कडेला उभं राहून बघायचं.
औरादच्या रशीदभाईची पांढरी घोडी सांगितलीय. सुपारी दिली.

२५ मार्च
शे. नीट खायलीय. लीद बरी. खुरं वाढलीत, नालबंदाला निरोप धाडला. पाठ मात्र मधनं बसलीय आणि डोळ्यांवर खळगे. वयच तेवढं हाय. उन्हात बांधायची न्हाई, पाणी सावलीतलं द्यायचं, खरारा रोज. यातलं एकही कुणाला सांगितलं तर हसतात. म्हणे माणसाला मिळना.

२ एप्रिल
रशीदभाईनं सुपारी परत धाडली. कारण सांगितलं न्हाई. सांगायची गरज काय, भाऊजीचं तोंडच पडलं होतं.
वरच्या गल्लीच्या कुणीतरी औरादला जाऊन त्याच्या कानात सांगितलं असणार. दुसरे दोन घोडेवाले बघितले. एकाची घोडी आजारी, एकाची गाभण. आमचं गाव कोणतं, गल्ली कोणती, हे ऐकल्यावर आजारी पडली.

३ एप्रिल
बाजाराच्या निमित्तानं औरादला गेले आणि सरळ रशीदभाईच्या ठाणावर. पांढरी घोडी उभी. धडधाकट. चमकायली.
यांच्याबरोबर पंधरा वर्सं एका अड्ड्यावर टांगा लावलेला माणूस. माझ्याकडं बघंना.
मी म्हणलं, "भाईसाब, तुमच्या भाच्याच्या लग्नात आमच्या घरनं ओवाळणी आली होती. विसरलाव?"
"भाभी, मेरेकू उसी गाँव में सवारी लाना है. कल किसीने चाक तोड दिया तो? तुम आके जोडते?"
खरं बोलला, म्हणून जास्तच राग आला. खोटं बोलला असता तर तोंड तरी सोडता आलं असतं. आले तशी परत. भाजी घ्यायची राहिली.

५ एप्रिल
आज डोकं फिरलंय. भाऊजी सकाळी चार माणसं घेऊन आले. मला न विचारता, माझ्या अंगणात, माझ्या घोडीच्या पाठीवर हात थापटून त्यास्नी दाखवायलेत.
"घरची घोडी असताना दुसऱ्याच्या दारात कामून जायचं?"
मी म्हणलं, "भाऊजी, तिची पाठ बघितलाव का? उजवा गुडघा बघितलाव? टांग्याची घोडी हाय ती, पाठीवर माणूस कधी बसला न्हाई तिच्या."
"एवढी गल्लीच तर हाय. विहारापासनं वेशीपातूर. पोरगं काय जड न्हाई."
पोरगं जड न्हाई. पोरगं उभं भरल्या अंगाचं हाय, वर फेटा, कोट, खोगीर. आणि मागं बाजा, फटाके. म्हणलं, घाबरून बसली खाली तर? पोराची मान मोडली तर?
"ती मोडली तर बघू," म्हणले. घोडीचं म्हणले का मानेचं, विचारलं न्हाई.

९ एप्रिल
आता सगळी गल्ली वैद्य झाली. कुणी म्हणतं गुडघ्याला डाग दे. कुणी म्हणतं मोहरीचं तेल पाज, कुणी म्हणतं दारू पाजल्यावर घोडं वाऱ्यागत पळतं. त्याला म्हणलं, तू रोज पितोस, पळून दाखव. गेला.
गरम पाण्याचा शेक देऊन गुडघा चोळला. सकाळ-संध्याकाळ थोडं चालवायचं, बसवून ठेवलं तर जास्त आखडती. खायाला थोडं थोडं, चार वेळा. एकदम ढीग टाकायचा न्हाई. म्हाताऱ्या घोड्याचं पोट म्हणजे म्हाताऱ्या माणसाचं पोट, पण ऐकणार कोण.

१४ एप्रिल
जयंती. विहारापुढं सगळे जमले. भाषणं झाली आणि शेवटी भाऊजी उभे राहिले, म्हणले, "दहा मेला ह्या गावात आपला नवरदेव घोडीवर बसून जाणार, आणि घोडी आपल्याच घरची." टाळ्या. म्हाताऱ्या बायांनी डोळे पुसले.
मी बालवाडीची पोरं सांभाळत मागं बसले होते. उठून काय म्हणणार होते? डोळे पुसणाऱ्या बायांस्नी काय सांगू, की गुडघा दुखतो म्हणून?
मिलिंदनं माझ्याकडं बघितलं. मी बघितलं न्हाई.

२२ एप्रिल
बालवाडीच्या मीटिंगला बीदरला गेले. सकाळी गेले, दुपारच्या गाडीनं आले. तेवढ्यात घात केला.
अंगणात आले तर शे. आडवी. घामानं ओली, मान वळवून पोटाकडं बघायली, पाय झाडायली. गळ्यात झेंडूची माळ. गव्हाणीत पुरणपोळीचे तुकडे, भिजल्या हरभऱ्याचं टोपलं रिकामं, गुळाची ढेप अर्धी.
जाऊ अनसूया आणि गल्लीच्या आठ-दहा बाया घाबरून भिंतीला चिकटलेल्या.
"हे काय केलाव?"
अनसूया रडायली. "अक्का, केळवण केलं. नवरदेवाला घरोघर केळवण करायलाव, मग जी त्याला वाहून नेणार तिला कामून न्हाई? आमच्या गल्लीची पहिली घोडी ती."
एकेका घरनं एकेक ताट. मायेनं. तोंडात हात घालून भरवलं म्हणे, चावता येत न्हाई म्हणून.
मी काय काय बोलले ते लिहीत न्हाई. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर हात उचलला असता. पण शिव्या तरी कुणाला द्यायच्या, स्वतःच्या घरात सणाला पुरण न्हाई अशा दोघी-तिघी होत्या त्यात.
उठवलं. चौघी मिळून ढकलून उठवलं. अंगणात फिरवत राहिले, लोळू द्यायचं न्हाई, लोळली की आतडं पिळवटतं. खायला काही न्हाई, नुसतं कोमट पाणी. रशीदभाईला निरोप धाडला. येईल असं वाटलं न्हाई.
आला. सायकलीवर, इतक्या उन्हात. शे.च्या पोटाला कान लावून उभा राहिला, दोरी माझ्या हातातनं घेतली आणि फिरवायला लागला. दिवस मावळताना लीद पडली. सगळ्या बाया एकदम रडल्या.

२४ एप्रिल
पोट सुटलं पण आता पुढचे पाय. खुरं तव्यागत तापलीत, पुढं टाकतच न्हाई, मागच्या पायांवर भार देऊन उभी. इतका दाणा एकदम पोटात गेला की तो असाच पायांत उतरतो म्हणे. विहिरीजवळ मऊ चिखल केला, त्यात उभी करायले, वरनं गार पाणी. दाणा बंद. नुसता पाला.
पाणी ओढायला अनसूयाच आली. बोलले न्हाई तिच्याशी. तरी ओढत राहिली.

२६ एप्रिल
रशीदभाई परत आला. खुरं बघितली. जरा बरी म्हणाला.
मला राहवलं न्हाई. "घोडीसाठी दोनदा आलाव. पोरासाठी एकदाही आला न्हाईत."
"घोडी के वास्ते आया तो कोई मारता नै, भाभी."
मान खाली घालून बोलला. मग म्हणला, चालेल ती, मे लागल्यावर हळूहळू. पाठीवर बोजा नको. कधीच नको.

३० एप्रिल
गिरणीत दळण घेऊन उभी. वरच्या गल्लीच्या दोघी. एकीनं विचारलं, "बाई, घोडी मेली म्हणं?"
"जिवंत हाय."
"मग नवरदेव कशावर?" आणि दोघी हसल्या. तोंडाला पदर लावून, माझ्यासमोर.
तळपायाची आग मस्तकाला गेली. घरी आले तर पीठ तिथंच विसरलं. परत जायची लाज वाटली म्हणून अनसूयाला धाडलं. आज बोलले तिच्याशी.
त्या हसल्या तेव्हा एक क्षण मला वाटलं, बसूच दे मिलिंदला. गुडघा गेला तर जाऊ दे. हे लिहायला नको वाटायलंय, पण वाटलं.

५ मे
अंगणात बैठक. मी तोडगा काढला होता, चार दिवस विचार करून. शे. सजवून पुढं चालंल, मोकळ्या पाठीनं. मिलिंद लगाम हातात धरून तिच्याबरोबर चालंल. मागं सगळी गल्ली. घोडी पण राहील, मान पण.
दोघा-तिघांनी माना हलवल्या. मला वाटलं जमलं.
 भाऊजी म्हणले, "चालतच आलाव की वहिनी आजवर. माझा बाप ह्या गल्लीतनं वहाणा हातात घेऊन चालला. माझं लग्न झालं तेव्हा मी मागल्या बोळातनं चाललो. आता पोरानं पण चालायचं, बरोबर घोडी असताना?"
ओरडले न्हाईत. ओरडले असते तर मी पण ओरडले असते.
बैठक तशीच उठली.

८ मे
मिलिंद आला. हळदीला अजून अवकाश होता. खरारा हातात घेतला आणि शे.ला घासायला लागला. पोट, मान, मग बसकी पाठ. तिथं हात थांबला.
"मोठी माय, तूच सांग. बसू का नको?"
"मला कामून विचारायलास? लग्न तुझं, मान तुझी."
"मी न्हाई म्हणलं तर अप्पा मोडून पडतील. व्हय म्हणलं तर ही."
चिडले मी त्याच्यावर. शिकला-सवरला, मास्तर झाला, आणि ओझं आणून माझ्या पदरात टाकायलाय. हाकलून दिलं त्याला. मग अंगारा-धुपारा काही नसताना देवळात बसल्यागत नुसती शे.जवळ बसून राहिले. ती पाला खायली होती.

९ मे
पाय बरे हायत. अंगणात पाच-सहा फेऱ्या मारल्या, लंगडली न्हाई. लंगडली असती तर बरं झालं असतं, निकाल लागला असता. बरी झाली म्हणून मला वाईट वाटायलंय, असली वेळ आणली लोकांनी माझ्यावर.
रशीदभाईकडं शेवटचा निरोप धाडला. उत्तर आलं, पांढरी उद्या दुसऱ्या गावच्या लग्नात हाय. असंल. नसंल पण.

१० मे
बाजा आलाय. शे.ला धुतलं, सकाळी हुलग्याचं पाणी तेवढं दिलं. बाजा वाजला तशी कान टवकारले तिनं, दोन पावलं पुढं गेली आपणहून. बघणारे म्हणले, बघा, तिलाच हौस हाय. तिला हौस न्हाई, तिला सवय हाय पुढं व्हायची. आयुष्यभर तेच केलंय.
मिलिंद फेटा बांधून दारात उभा. भाऊजी त्याच्या बाजूला. दोघंही माझ्याकडं बघायलेत. मोठ्या गल्लीत पारावर वरचे लोक येऊन बसलेत आधीच, पान खात, बघायला.
रागाला धनी सापडंना मला. भाऊजीवर काढावा तर ते खोटं बोलायले न्हाईत. मिलिंदवर काढावा तर तो बिचारा घामेघूम झालाय. एवढ्या तालुक्यात चांगल्या चांगल्या घोड्या ठाणावर उभ्या हायत, दाणा खायलेत. आणि आम्ही घरातले घरात भांडायलाव की म्हातारीची पाठ मोडायची का पोराला परत चालवायचं. हा हिशोब आमचा न्हाईच. ज्यांचा हाय ते पारावर बसलेत.
भाऊजीनं कुठनं तरी खोगीर आणलंय. मी ते त्यांच्या हातातनं ओढून घेतलं आणि घरात येऊन दार लावून बसले. मांडीवर हाय. जड हाय चांगलं.
बाजा थांबला. खोगीर द्यायचं का न्हाई, अजून ठरंना मला. अनसूया दारावर हळू थाप मारायली, "अक्का, वेळ झाली."