राकियाचा मोजा आणि सुजलेला घसा

नोवी साद, मंगळवार

आई,

मी बरी आहे, हे फोनवरच सांगितलं असतं, पण घशातून शब्द फुटत नाही. घाबरू नकोस. घरमालकीण मिलुंका मावशी तर म्हणतात, "घराला इतकी शांतता कधी लाभलीच नव्हती!"

घसा धरला तेव्हा निदानही त्यांनीच केलं. "समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघड्या टाकून झोपलीस ना? वारा लागला. भोग आता!" मग राकियाच्या दारूत भिजवलेला लोकरीचा मोजा गळ्याला बांधला. तूही तेच केलं असतंस. मी तो आठवडाभर मिरवला. आज थुंकीही गिळवेना, तेव्हा इस्पितळाच्या तातडीच्या विभागात आले.

डॉक्टरीणबाईंना आधी राकियाचा वास आला. "काय काकू, थेट लग्नघरातून आलात का?" मग त्यांनी घशात दिवा धरला आणि त्यांचं हसू मावळलं. टॉन्सिलमागे पू साठलाय. सूज वाढली तर श्वास अडकेल, म्हणून तो आत्ताच सुईनं काढायचा. मागेच मोठी रक्तवाहिनी आहे, त्यामुळे डोकं जराही हलता कामा नये.

प्लम वाळत घातलेस का? माळ्यावर एकटी चढू नकोस.

डोकं नर्स धरणार आहे. पोरगी चांगली आहे, पण हात बर्फासारखे गार. लहानपणी कानातला मळ काढताना तू माझं डोकं मांडीवर दाबून धरायचीस आणि मी बोंबलायचे. आई, आज तूच धरायला हवी होतीस.

हाक आली. जाते.

तुझीच,
वुकोसावा