फाटकात अडकलेल्या नमुन्याबाबत अर्ज

प्रति,
मा. वाहन तपासणी अधिकारी,
वाहन तपासणी कार्यालय, मागची इमारत

विषय : माझ्या तक्रारीचा पेट्रोल-नमुना कार्यालयाच्या जीपमध्ये ओतला गेल्यामुळे माझी गाडी तपासणीला 'गैरहजर' ठरल्याबाबत.
संदर्भ : आपलं ९ तारखेचं पत्र ("नमुना उपलब्ध नसल्याने तक्रारीत तथ्य आढळले नाही").

महोदय,

१. मी स्वतःची गाडी भाड्यावर चालवतो. घरात गाडीला आत्याबाई म्हणतात, कारण कुरकुरते फार, पण पोचवते वेळेवर. गेल्या महिन्यात ती धुराच्या तपासणीत नापास झाली. दोष इंजिनाचा नाही, पेट्रोलचा आहे, असं मी म्हणालो. आपण म्हणालात, पुरावा आणा. ३० तारखेपर्यंत गाडी पास झाली नाही तर गाडीचा परवाना रद्द होणार आहे, हेही आपणच सांगितलंत.

२. मी मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी इंजेक्टर खोलून दाखवले. जिथून पेट्रोलचा बारीक फवारा उडायला हवा, तिथून सर्दी झालेल्या नाकासारखं ठिबकत होतं. व्हॉल्व्हवर काजळीची जाड खरपुडी. मेस्त्री म्हणाले, "चांगल्या पेट्रोलमध्ये इंजिन आतून साफ ठेवणारं रसायन असतं, ते हा चिकटा धरू देत नाही. तुमच्या पंपवाल्याने ते फक्त बोर्डावर मिसळलंय." टाकीत ते नव्हतंच. होतं ते रॉकेल, आणि तळाशी दोन बोटं पाणी.

३. त्याच पंपावरून पाच लिटरचा कॅन भरून, वर 'नमुना' असं लिहून, मी २ तारखेला आपल्या कार्यालयात दिला. पोच घेतली. कॅन कपाटात गेला.

४. ६ तारखेला आपल्याला बैठकीला जायचं होतं. जीपची टाकी कोरडी होती. आपल्या चालकाने कपाटातला कॅन जीपमध्ये रिकामा केला. मी विचारलं तेव्हा त्यांनी काहीच लपवलं नाही. म्हणाले, "नमुना लिहिलं होतं काका, वापरू नये असं कुठे लिहिलं होतं?" जीप फाटकापर्यंत गेली, दोनदा खोकली, काळा धूर सोडला आणि बरोबर फाटकाच्या मधोमध बंद पडली. बैठकीला आपण रिक्षाने गेलात.

५. जीप अजून तिथेच आहे. सरकारी वाहन ढकलायला लेखी आदेश लागतो, असं पहारेकरी सांगतात. आदेशाची फाईल आपल्या टेबलावर आहे, असं कारकून सांगतात. माणसं पोट आत घेऊन आडवी आत जातात. आत्याबाईंना पोट आत घेता येत नाही.

६. दरम्यान मेस्त्रींनी माझं इंजिन साफ केलं. आता मी दुसऱ्या पंपावरचं, रसायन खरोखर मिसळलेलं पेट्रोल भरतो. धूर नाही, ठोका नाही, चढावर गाडी पोरीसारखी पळते. ११ तारखेला मी वेळेआधी अर्धा तास फाटकाशी आलो. आतून तीन वेळा माझ्या गाडीचा नंबर पुकारला. तिन्ही वेळा मी बाहेरून "हजर" असं ओरडलो. आपले तपासनीस म्हणाले, "आवाज हजर आहे, गाडी नाही," आणि शेरा मारला. घरी बायको म्हणाली, "खराब पेट्रोल भरलंत तेव्हा आत जाऊन नापास झालात, चांगलं भरलंत तर आतसुद्धा घेईनात. मग चांगलं भरलंत कशाला?" या प्रश्नाचं उत्तर कार्यालयाकडे असल्यास कळवावं.

७. नमुना उपलब्ध नाही, हे आपलं म्हणणं मला मान्य नाही. तो आपल्या खिडकीतून दिसतो. त्याला चार चाकं आहेत. त्याच्याइतका स्पष्ट अहवाल कुठलीही प्रयोगशाळा देणार नाही.

८. तरी 'गैरहजर' हा शेरा काढावा आणि जीप ढकलण्याच्या आदेशावर सही करावी. ढकलायला मी, मेस्त्री आणि माझा मेव्हणा तयार आहोत. तेही जमत नसेल, तर तपासणीच्या यंत्राची नळी फाटकाबाहेर येईल एवढी लांब आहे. मी मोजली आहे.

हा अर्ज मी गाडीत बसून लिहिला. आपली जीप आणि माझी गाडी फाटकात नाकाला नाक लावून उभ्या आहेत. दोघींपैकी एक चालू आहे. ३० तारखेला परवाना तिचाच रद्द होणार आहे.

आपला नम्र, आणि फाटकाबाहेर हजर,
(सही)
भाड्याच्या गाडीचा मालक व चालक
दिनांक : १३

सोबत :
१) कॅन दिल्याची पोच.
२) मेस्त्रींनी काढलेली काजळी, कागदाच्या पुडीत.
३) त्याच पंपावरचा दुसरा नमुना, पाच लिटर. यावेळी वर 'वापरू नये' असं लिहिलं आहे. तरी चालकांना वाचून दाखवावं.