फुलाबाईचं 'हिल्ले'

६ जानेवारी
मनीषाच्या कामाला लागून पाच दिवस झाले. कॉलेजात एकाच वर्गात होतो. सेकंड इयरला मी सरांची कॉलर धरली आणि बाहेर पडलो. ती आरोग्य विद्यापीठात पोचली. फेलोशिप मिळाली. तिथं संशोधन करणारी तिच्या गोंड समाजातली पहिलीच. विषय सिकलसेल, रक्ताचा आजार, आदिवासी टोल्यांतला, म्हणजे पाड्यांतला. माझ्याकडं गाडी, संमतीचे फॉर्म, त्यांना साक्षीदार शोधणं.
"गावात मॅडम म्हणायचं, पंकज."
म्हणीन. काहीही म्हणीन.

९ जानेवारी
विद्यापीठातून एक सर आले. दिवसभर संमतीचा वर्ग. रक्त घेण्याआधी माणसाला त्याच्या भाषेत सांगायचं. 'नाही' म्हटलं की हात मागं. कारण विचारायचं नाही. मी म.च्या कानातल्या रिंगेकडं बघत होतो. सर्टिफिकेट मिळालं.
जेवताना एक पोरगा म्हणाला, "कोट्यातल्यांना सब चलता है." त्याची कॉलर. (परत कॉलर.)
म. चिडली. "माझ्यासाठी भांडू नको, फॉर्म नीट भर. माझी एक चूक झाली तर हे लोक दहा वर्षं बोलतील." मग एक गोंडी शब्द शिकवला. हिल्ले. म्हणजे नाही. "तुला एवढा आला तरी पुष्कळ."

१७ जानेवारी
आमच्या गोरेगाव तालुक्यातला एक टोला. चारच्या आत काम संपलं तर म. माझ्या गाडीवर बाजारात येणार होती, भजी खायला. स्वतःच म्हणाली होती. तीन घरं राहिली. ती शेजारी गेली, मी अन् रक्त घेणारा टेक्निशियन फुलाबाईकडं. म्हातारी एकटीच राहते. तांदूळ पाखडत होती. सगळं सांगितलं.
"हिल्ले."
परत सांगितलं. परत तेच. साडेतीन वाजले होते. मी हसत म्हटलं, "आजी, अंगठा नाही लावला तं राशन बंद होते बरं."
तिनं सूप खाली ठेवलं. अंगठा लावला. टेक्निशियननं रक्त घेतलं. शेजाऱ्यानं न वाचताच साक्षीदाराची सही केली.
भजी मस्त. म.च्या ओठाला चटणी लागली होती.
गंमतच केली मी. गंमतच होती.

२ फेब्रुवारी
रिपोर्ट द्यायला गेलो. म. फुलाबाईशी गोंडीत बोलून राहिली होती, मी दारात. मला एकच शब्द समजला. राशन.
म.नं वळून पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. परत निघताना गाडीवर बसली नाही. एसटीनं गेली.

३ फेब्रुवारी
फोन केला. मी: "एकच तर फॉर्म आहे. कोणाला कळणार…"
"तू घेतलेल्या एकाही फॉर्मवर आता माझा भरोसा नाही. नैतिकता समितीला कळवलं मी."
"मग माझं नाव लिही."
"अभ्यास माझा. नाव माझंच जाईल."
फेलोशिप राहते की जाते, समिती ठरवेल. तो कोट्यावरून बोललेला पोरगा आता खुशाल बोलेल. त्याला अडवायला मला तोंड नाही.
आई विचारते, जेवत काऊन नाही?

५ फेब्रुवारी
एकटाच टोल्यावर गेलो. माफी मागितली. तिला समजावं म्हणून एकेक शब्द हळूहळू.
फुलाबाई म्हणाली, "मले मराठी येते. भैरी नाही मी."
"मंग त्या दिवशी गोंडीत काऊन बोलल्या?"
"माह्या घरात माह्याच बोलीत नाही म्हनीन ना? अन् तुले समजलं होतं. तोंडावर दिसत होतं."
दिसत असणार. सर्टिफिकेट होतं माझ्याकडं.
निघालो तर मागून म्हणाली, "माहं रगत वापस आन."
म.ला मेसेज टाकला. लिहिलेलं सगळं खोडून तेवढंच वाक्य पाठवलं, फुलाबाईचं.

८ फेब्रुवारी
आज म.चं उत्तर. संमती मागं घेण्याच्या फॉर्मवर दोनच रकाने आहेत: नमुना ठेवावा, नमुना नष्ट करावा. परत द्यावा असा नाहीच. म.नं पेनानं तिसरा आखला आणि समितीला पाठवला. आधीच डोक्यावर एवढं, त्यात हे.
"बैठक महिन्याच्या शेवटी. तोवर काही ठरलं नाही, हे फुलाबाईंना जाऊन सांग. तू."
अजून 'तू' म्हणते, याच्यावरच दिवस काढला. म्हातारीचं रक्त तिकडं फ्रीजमध्ये पडलंय आणि मी हे मोजून राहिलो. थू.

११ फेब्रुवारी
गेलो. फुलाबाई अंगणात, हातात तेच सूप.
"आनलास का?"
समिती, बैठक, रकाना, गाडीवर सगळं पाठ करत गेलो होतो.
"हिल्ले," म्हटलं.
तिनं पाखडणं थांबवलं नाही. वरही पाहिलं नाही.
"हिल्ले तसं नाही म्हनत," म्हणाली. "परत म्हन."