उभ्या रेघेवरचे आकडे

प्रिय दादा,

फोनवर तू मला पुरतं बोलूच दिलं नाहीस, म्हणून लिहायला बसलेय. "तुझं आपलं काहीतरीच असतं," म्हणालास आणि रंधा सुरू केलास. त्या घरघरीत मी काय बोलणार, कपाळ? अप्पा कसे आहेत? डावा हात थोडा तरी हलवतात का? वहिनीला सांग, तिने विणलेला स्वेटर मी ऑफिसातसुद्धा काढत नाही. धरणाच्या माथ्यावर वारा असा, की कपातला चहा ओठांपर्यंत येईस्तोवर गार. माझ्या खिडकीतून खाली नदीकाठची तुमची गल्ली दिसते, दुकानाचा निळा पत्राही. पूर्वी ते बघून बरं वाटायचं.

वहिनी विचारत होती, ग्राफ बघून इंग्रजी लिहिते म्हणजे ही नक्की करते काय? तर परदेशी जायचं खूळ डोक्यात होतं तेव्हा मी एक क्लास लावला होता. अर्धाच केला, बाकी सगळं करते तसा. पायाला भिंगरी, दुसरं काय. तिथले सर म्हणायचे, दिसतं तेवढंच लिहा. का झालं ते लिहू नका, पुढे काय होईल ते तर मुळीच नको. माझे मार्क तिथेच जायचे. दुकानाच्या विक्रीची रेघ खाली आली की मी लिहायची, बिचारा मालक आजारी असेल. पण त्या अर्ध्या इंग्रजीवरच ही नोकरी लागली. धरणाच्या मातीच्या भिंतीतून जे पाणी पाझरतं, ते पायथ्याशी मोजतात. दर आठवड्याला कॉम्प्युटर त्याचा ग्राफ काढतो आणि मी त्याखाली चार वाक्यं लिहून दूरच्या मुख्य ऑफिसला पाठवते. साहेबांनी पहिल्याच दिवशी साचा हातात दिला: किंचित वाढ, एरवी स्थिर. तारीख तेवढी बदलायची.

परवा दुपारी स्क्रीनवर ऊन येत होतं, म्हणून जुने ग्राफ चिकटपट्टीने काचेवर लावले. सगळे जुळ्या भावंडांसारखे. डावीकडून निघालेली रेघ हळूच उजवीकडे वर गेलेली. मी सफरचंद खात उगाच बघत होते. आणि बाजूच्या उभ्या रेघेवरच्या आकड्यांकडे लक्ष गेलं. पहिल्या कागदावर सगळ्यात वर दहा, शेवटच्यावर नव्वद. रेघ कागदात नीट मावावी म्हणून कॉम्प्युटर ते आकडे दर वेळी आपणहून वाढवतो, दादा. म्हणून चढ कायम तेवढाच दिसतो. मी सगळे ग्राफ एकाच मापावर हाताने काढायला घेतले, तर रेघ कागदाबाहेर गेली. वर दुसरा कागद जोडला, तोही पुरेना. ते जोडलेले कागद तसेच साहेबांपुढे नेऊन ठेवले.

साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी कागदांची नीट घडी घातली. मग म्हणाले, "पाझर प्रत्येक धरणाला असतो. आपलं काम वर्णनाचं, निष्कर्ष इंजिनिअर काढतील." पण इंजिनिअर ग्राफ उघडतच नाहीत, आमची चार वाक्यंच वाचतात. या वेळी मी "झपाट्याने वाढ" लिहिलं, साहेबांनी त्याचं "हळूहळू" केलं. मुख्य ऑफिसचं उत्तर आलं, पुढच्या आठवड्यात येऊन पाहू. मला राहवेना, तशीच पायऱ्या उतरून पायथ्याशी गेले. तिथलं पाणी आरशासारखं असायचं. आता गढूळ आहे. ओंजळीत घेतलं तर तळहातावर माती उरली. ती माती भिंतीची, दुसरी कुठली असणार? आज सकाळी साहेबांनी बायको-मुलांना सासुरवाडीला पाठवलं. मी विचारलं तर म्हणाले, "सहजच." माझ्याकडे न बघता. तेव्हापासून माझे हात गार पडलेत, आणि याला वारा कारण नाही.

आता ऐक. तुझ्या दाराशी जो उभा आहे, तो टपालवाला नव्हे, आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर आहे. मागे त्याचा टेम्पो आहे, त्यात मी माझी गादी घालून दिलीय. अप्पांना उचलायला तो हात लावेल. त्याला बजावलंय, तिघं गाडीत बसेपर्यंत हलायचं नाही, तू शिव्या दिल्यास तरी. यंत्रं राहू देत, लाकूड राहू दे. जाता जाता गल्लीतली दारं वाजव, आणि टेकडीवर आत्याकडे जा. मी इथे फोन फिरवत बसलेय, वरच्या कुणाच्या तरी कानावर पडेलच. मी चुकलेले असू दे, दादा, एवढं एकदाच. मग मला पोटभर हस. पण आत्याच्या ओट्यावर बसून हस.

तुझीच,
भिंगरी